सोदामच्या आजीचा डबा

डबा परत करायचा होता. बस्स, एवढंच काम होतं. खालच्या मजल्यावरच्या आजींचा प्लास्टिकचा डबा, निळ्या झाकणाचा, चारी बाजूंनी खटके बसणारा. तो धुवायचा, पुसायचा, एक जिना उतरायचा आणि दार वाजवायचं. यात अवघड काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या एका डब्यापायी आमच्या शाळेचे उपमुख्याध्यापक भिंतीला पाठ लावून उभे राहिले, सरकारी मदतकेंद्रातल्या एका बिचाऱ्या तरुणाची पंचाईत झाली, आणि कोरियातल्या या नाम्हे बेटावरच्या निम्म्या म्हाताऱ्यांची खात्री पटली की एम्लिन मास्तरांना काहीतरी असाध्य दुखणं जडलंय.

एम्लिन मास्तर म्हणजे मी. जन्मानं वेल्सचा, पण इथे राहून इतकी वर्षं झाली की आता आईशी फोनवर बोलतानासुद्धा फोन ठेवण्यापूर्वी मी भिंतीकडे बघून कमरेत वाकतो. प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. म्हणजे सकाळी दारात बूट काढून सपाता घालतो (माझ्या मापाच्या सपाता अख्ख्या बेटावर मिळत नाहीत, त्यामुळे माझ्या टाचा बारा महिने फरशीवर असतात), चार तास ओरडतो, मुलांना माझ्या हातावरचे केस मोजू देतो, आणि दुपारी जेवणाचं ताट हातात घेऊन रांगेत उभा राहतो. फळ्यावर माझं चित्र काढायचं झालं तर मुलं आधी नाक काढतात आणि उरलेल्या जागेत बाकीचा मी बसवतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही. निदान कुणाचं चित्र आहे हे लगेच कळतं.

शाळेनं दिलेल्या खोलीत मी वरच्या मजल्यावर राहतो. खाली सोदामची आजी. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. कुणीच त्यांना नावानं हाक मारत नाही. सोदामची आई पुसानला इस्पितळात नोकरीला, बाप जहाजावर, आणि पोरगी आजीपाशी. मी राहायला आलो त्याच आठवड्यात माझ्या दाराच्या मुठीला पिशवी लटकली. पिशवीत डबा आणि डब्यात परतलेली गोडसर सुकी मासळी. मी ती खाल्ली, डबा लख्ख घासून परत दिला. आजींनी झाकण उघडून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा आत बघितलं. मी काहीतरी विसरलोय एवढं मला कळलं. तळमजल्यावरच्या पार्लरवालीनं नंतर झाडझाड झाडलं, की मास्तर, डबा कधी रिकामा परत देतात का? त्या दिवसापासून मी डब्यात संत्री घालून द्यायचो, कधी खजूर, कधी माझ्या हातचा आमच्याकडचा मनुकांचा पाव. हा पाव आजी दोन्ही हातांनी स्वीकारत आणि, मला नंतर कळलं, अंगणातल्या मांजराला घालत. मांजरही तो लगेच खात नसे. पण डबा चालू होता. वर भरलेला, खाली भरलेला, दोन वर्षं अखंड चालू होता, आणि जिन्यावर भेट झाली की आजींचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलात का, मास्तर?"

मग मार्च आला, इथलं शाळेचं नवं वर्ष सुरू झालं आणि सोदाम तिसरीत गेली.

आमच्याकडे इंग्रजी तिसरीपासून सुरू होतं. त्याच महिन्यात शिक्षकांना लाचलुचपतविरोधी कायद्याचं प्रशिक्षण असतं, म्हणजे एक लांबलचक चित्रफीत लावतात आणि तिच्या आवाजात सगळे शिक्षक आपापली कामं उरकतात. ती लक्ष देऊन बघणारा अख्ख्या शाळेत मी एकटाच निघालो. चित्रफितीतला एक पालक शिक्षकाला कॉफीचा पेला देतो आणि लगेच पडद्यावर लाल फुली येते. एक आई फळं आणते, फुली. शेजारी माझ्या जोडीच्या शिक्षिका प्यो बाई पुढच्या तासाची चित्रं कापत बसल्या होत्या.

"प्यो बाई, एक विचारू?"

"नका विचारू," त्या कात्री न थांबवता म्हणाल्या. "हे बघून झाल्यावर 'एक विचारू' म्हणणारा माणूस नंतर कधी सुखी झालेला मी पाहिला नाही."

मी विचारलंच. शेजारची आजी तोंडीलावणं देते, आणि तिची नात आता आपल्या वर्गात आहे, तर? प्यो बाईंनी कात्री खाली ठेवली.

"कालपर्यंत मला हे माहीत नव्हतं," त्या खिन्नपणे म्हणाल्या. "कालपर्यंत मी किती मजेत होते. तुम्ही बोललाच नसतात तर आजी म्हातारी होईपर्यंत जेवला असतात."

"आजी म्हाताऱ्याच आहेत."

"मग तुम्ही म्हातारे होईपर्यंत. आता चला. मला कळलंय म्हणजे बांग सरांना कळायला हवं."

बांग सर म्हणजे उपमुख्याध्यापक. शाळेत काही चांगलं घडलं तर ते मुख्याध्यापकांमुळे घडतं आणि वाईट घडलं तर ते बांग सरांना निस्तरावं लागतं. निवृत्ती जवळ आलेली, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत कपाळावर एकही डाग नाही. बुधवारच्या व्हॉलीबॉलमध्ये त्यांचा फटका आला की समोरचे आम्ही सगळे हात वर करून चेंडूला वाट देतो, इतका त्यांचा मान. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सध्या तुमच्या ताब्यात काय आहे?"

"मुळ्याची किमची, सर."

"किती?"

"होती तेव्हाची सांगू की आता आहे ती?"

बांग सरांनी डोळे मिटले. "खाल्लेली परत करता येणार नाही, हे मी समजू शकतो," ते मोठ्या मनानं म्हणाले. "उरलेली आजच परत करा. आणि केल्याचा फोटो काढून ठेवा. उद्या कुणी विचारलं तर?"

तेव्हा संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात प्यो बाई मोबाइल घेऊन उभ्या, आणि मी त्या तिखटात मुरवलेल्या मुळ्याचा अर्धा खाल्लेला डबा छातीशी धरून उभा. "चेहरा नीट दिसू दे," त्या म्हणाल्या. "किमचीचा?" मी विचारलं. "तुमचा." तो फोटो अजून शाळेच्या संगणकात कुठेतरी असेल. बँक लुटताना सापडलेला माणूससुद्धा त्याहून बरा दिसत असेल.

खाली गेलो. आजींनी झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बिघडली?"

"नाही, आजी. छान आहे."

"मग?"

मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की आपल्या भावनांचा मी आदर करतो, परंतु माझ्या कर्तव्याच्या स्वरूपामुळे मला ही भेट स्वीकारता येत नाही. वाक्य चित्रफितीतलंच होतं, अगदी शुद्ध आणि सभ्य. आजी काही वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणखी काही येतंय का म्हणून. मग "बरं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आजींचं दार नेहमी धाडकन लागतं, सगळ्या इमारतीला कळतं. त्या दिवशी ते हळूच लागलं.

मला वाटलं, संपलं. शहाण्या माणसानं कोरियातल्या आजीबद्दल असं कधी समजू नये. दुसऱ्या दिवशी मुठीला पिशवी होती आणि पिशवीत लसणाच्या कोवळ्या दांड्यांचं लोणचं. मुळा आवडला नसेल, अशी त्यांची समजूत. मी फोटो काढला आणि डबा जसाच्या तसा, भरलेला, त्यांच्या दाराशी ठेवून आलो. मग मुरवलेली पानं आली. तीही गेली. मग परतलेलं बटाट्याचं काहीतरी. त्याचा वास जिनाभर सुटला होता आणि मी अक्षरशः श्वास रोखून तो डबा खाली नेला. आजी उठायच्या आत काम उरकायचं म्हणून मी पहाटे पायांत मोजे घालून उतरायचो. पण माझं वजन काही मोज्यांत मावणारं नाही. पायरीपायरीला तो जिना कुरकुरायचा. स्वतःच्याच इमारतीत मी चोरासारखा वावरत होतो, आणि तेही काही न चोरता.

इमारतीच्या तळमजल्यावर पार्लर आहे. तिथे बेटावरच्या समस्त आज्या डोक्याला कुरळ्यांच्या नळ्या लावून बसतात, आणि नळ्या निघेपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या संसाराचा निकाल लागतो. त्या आठवड्यात माझा लागला. मी दारावरून चाललो होतो तर पार्लरवालीनं आत ओढलंच.

"पोटाचं आहे का, मास्तर? खरं सांगा. माझ्या दिराचं असंच सुरू झालं होतं."

"मला काही झालेलं नाही."

"तो पण हेच म्हणायचा."

कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "लग्न ठरलं असेल. तिला वास चालत नसेल." दुसऱ्या म्हणाल्या, "छे, नोकरी सोडून चाललाय. जाणारा माणूस आधी देणीघेणी मिटवतो." तिसऱ्या नुसत्या माझ्याकडे बघून हळहळल्या, आणि मला सगळ्यांत भीती त्यांचीच वाटली. कायदा आहे असं मी सांगून बघितलं. सगळ्या हसल्या. मुळ्याचा कायदा कुठे असतो का, असं म्हणून पार्लरवालीनं माझ्या हातात अर्धं सफरचंद ठेवलं. तिची मुलं केव्हाच कॉलेजात गेली आहेत, म्हणून ते मी खाल्लं.

इथपर्यंत जे झालं त्यात माझी शोभा झाली, तेवढंच. माझी शोभा व्हायची मला सवय आहे. पण वर्गात दुसरंच काहीतरी चालू होतं आणि ते माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला.

सोदाम ही बोलघेवडी पोर. जिन्यावर गाठ पडली की प्रत्येक मांजराचं नाव, त्याची आई कोण, ते कुणाशी भांडतं, हे सगळं सांगून झाल्याशिवाय ती मला वर जाऊ द्यायची नाही. तिसरीत आल्यावर ही माझ्या वर्गाचा नगारा होणार असं मी धरून चाललो होतो. आणि ती गप्प होती. सगळे कोरसमध्ये "आय ॲम फाइन, थँक यू" ओरडत तेव्हा तिचे ओठ नुसते हलत. मी म्हटलं, बुजली असेल, होईल ठीक. एकदा तिनं फळ्यावर अचूक शब्द लिहिला म्हणून मी तिला चमकणारा तारा द्यायला गेलो. आमच्या वर्गात या चिकटवायच्या ताऱ्यांसाठी मुलं एकमेकांचे जीव घेतील. सोदामनं हात मागे घेतला.

"नको, सर."

"का गं?"

"घेतलं तर परत द्यावं लागतं."

तास संपल्यावर मी तिला थांबवलं. ती बाकाच्या कडेकडे बघत हळूहळू बोलली. "माझं इंग्रजी वाईट आहे म्हणून तुम्ही डबा घेत नाही ना? आजी म्हणते, मास्तर चांगले आहेत, तोंडावर बोलणार नाहीत. म्हणते, आपणच समजून घ्यायचं. मी रोज पाठ करते, सर. आजी माझ्याशेजारी बसून राहते. तिला काही वाचता येत नाही, पण बसते."

मला जे वाटलं ते सरळच सांगतो: मला माझी लाज वाटली, आणि त्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं. सोदाम तिसरीत आली आणि डबे परत जायला लागले. आजींनी दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या आणि त्यांना दिसलं ते दिसलं. मी आपला फोटो काढत बसलो होतो.

"सोदाम, तुझं इंग्रजी छान आहे," मी म्हणालो. तिनं मान हलवली, पण शिक्षक असंच म्हणतात हे तिला तिसरीत येऊनच माहीत झालं होतं.

मी प्यो बाईंकडे धावलो. प्यो बाई बोलायला कितीही कडक असल्या तरी मुलाच्या डोळ्यांत पाणी ही गोष्ट त्यांना सहन होत नाही. त्यांनी तिथल्या तिथे सरकारी मदतकेंद्राला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. बराच वेळ संगीत वाजलं, मग एक तरुण बोलायला लागला.

"पालक आणि शिक्षक यांची ओळख मुलगी शाळेत येण्याच्या आधीची आहे का?"

"हो," प्यो बाई म्हणाल्या.

"नातं?"

"नातं नाही. जिना आहे."

"काय आहे?"

"जिना. एकच जिना आहे दोघांचा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "जिन्याबद्दल आमच्याकडे मार्गदर्शन नाही," तो तरुण म्हणाला. "हे शिक्षक त्या मुलीला शिकवतात का? गुण देतात?"

"हो."

"मग नाही."

"लोणचंसुद्धा नाही?"

तो तरुण आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, माझी आजीपण लोणचं घालते. पण नाही."

मग प्यो बाईंनी चांगल्या मनानं एक चूक केली. त्यांनी आजींना फोन करून सगळं समजावून सांगितलं: कायदा, कलम, पालक, शिक्षक, आणि नियम मोडला तर शिक्षकावर काय कारवाई होऊ शकते ते. सोदामचा यात काही दोष नाही, हेही त्या म्हणाल्या. पण आजींच्या कानांनी शेवटपर्यंत वाट बघितली नव्हती. "कारवाई" हा शब्द ऐकल्यावर त्यांना पुढचं काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला आम्ही शिक्षकांच्या खोलीत होतो. दार सरकलं आणि सोदामची आजी आत आल्या. अंगात लग्नाकार्याला घालतात तो जांभळा कोट, केस नुकतेच कुरळे केलेले, पायांत शाळेच्या पाहुण्यांच्या सपाता. कुणाकडे जायचं तर हात हलवत कसं जायचं, म्हणून हातात व्हिटॅमिनच्या सरबताच्या बाटल्यांचा अख्खा खोका होता.

त्या तडक बांग सरांच्या टेबलाशी गेल्या.

"साहेब, गुन्हा माझा आहे. मास्तरांनी कधी काही मागितलं नाही. मीच दाराला लटकवत होते. मला काय करायचं ते करा, त्यांना काही करू नका." एवढं बोलून त्यांनी तो खोका टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी बांग सरांकडे सरकवला.

बांग सर उठले. त्यांची चाकांची खुर्ची मागे जाऊन कपाटावर आपटली, आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले, दोन्ही हात खांद्याच्या वर. "आजी, आधी ते उचला."

"थोडंसंच आहे."

"थोडंसंही चालत नाही."

"फार गोड नाही, साहेब. शुगर असेल तरी चालतं."

"आजी, मी हात लावू शकत नाही." सरांनी टेबलावरची पट्टी उचलली आणि पट्टीच्या टोकानं खोका आजींकडे ढकलला. आजींनी हातानं तो पुन्हा पलीकडे सरकवला. इथे भेट दोनदा नाकारायची आणि तिसऱ्यांदा घ्यायची असते, हे आजींना माहीत; म्हणून साहेब किती सभ्य आहेत, असंच त्यांना वाटत होतं. तिसऱ्यांदा पट्टी पुढे आली तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. प्यो बाई मोबाइल हातात धरून, फोटो काढावा की न काढावा, अशा बघत होत्या. एवढ्या वेळात कुणी हसलं नाही हे मी मुद्दाम नमूद करतो.

"म्हणजे माफी नाही," आजी म्हणाल्या.

मी मध्ये गेलो. पाठ केलेलं वाक्य या वेळी आठवलं नाही हे बरं झालं. "आजी, तुमचा काही गुन्हा नाही. माझाही नाही. आणि सोदामचं इंग्रजी चांगलं आहे. ती जिन्यावर बोलते तशी वर्गात बोलली तर सगळ्या मुलांत चांगलं आहे. मी डबा परत दिला त्याचा तिच्याशी काही संबंध नाही."

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. "खरं?"

"खरं."

त्या जवळच्या खुर्चीत बसल्या. जांभळ्या कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. "मग हे आधी सांगायचं नाही का, मास्तर? 'आपल्या भावनांचा' म्हणून काय काय बोलत होतात. मी त्या लेकराला झोपू दिलं नाही हो. शब्द न शब्द म्हणून घेतला." मग बांग सरांकडे वळून, अगदी शांतपणे, "बरं, नाही देत मी काही. पण साहेब, मग याचं जेवणखाण कोण बघणार? याची आई तिकडे. सरकार बघणार आहे का?"

बांग सर अजून भिंतीपाशीच होते. त्यांनी पट्टी खाली ठेवली, चष्मा काढला, पुसला. "आजी, सोदाम या शाळेत आहे तोवर तुम्हाला एम्लिन सरांना वस्तू देता येणार नाही. खायचं देता येणार नाही. प्यायचं देता येणार नाही." मग ते थांबले. "बोलायला बंदी आहे असं मात्र मी कुठे वाचलेलं नाही. आणि मी सगळं वाचलंय."

आजींनी यावर थोडा विचार केला. मग माझ्याकडे वळल्या.

"काल रात्री काय जेवलात?"

"नूडल्स."

"पाकिटातल्या?"

सगळी खोली ऐकत होती. "हो," मी म्हणालो. त्यानंतर आजींनी मला जे सुनावलं ते इथे देत नाही. शाळेच्या वास्तूत ते बोललं गेलं एवढंच पुरे. अंगापिंडानं एवढा मोठा पुरुष सहकाऱ्यांसमोर मान खाली घालून उभा होता, आणि खरं सांगू, मार्चपासून एवढं सुख मला झालं नव्हतं. बांग सर तो खोका दोन बोटांत धरून स्वतः फाटकापर्यंत गेले, आजींच्या हाती परत दिला, आणि त्यांना इतकं वाकून नमस्कार केला की वर्गांच्या खिडक्यांत मुलं गोळा झाली.

त्या संध्याकाळपासून आमच्या जिन्यात शाळा भरायला लागली. आजी खाली आपल्या दारात स्टुलावर, मी वर माझ्या शेगडीपाशी, दोन्ही दारं सताड उघडी. "मुळा बोटाच्या पेराएवढा कापा," खालून हुकूम यायचा. "तुमच्या बोटाच्या नव्हे, मास्तर. माझ्या." मीठ किती, लसूण किती, केव्हा झाकायचं, केव्हा हात लावायचा नाही, सगळं त्या तिथूनच सांगत, नुसत्या वासावर. सोदाम वर धावत यायची, पातेल्यात डोकवायची आणि जिन्यावरून ओरडायची, "आजी, पाणी फार घातलंय." पहिली किमची मी शेवटी कुणाला न सांगता टाकून दिली. तिसरी पार्लरवालीनं चाखली आणि म्हणाली, भूक असेल तर जाते.

केलेलं खाली पाठवावं असं मला फार वाटायचं. मी देण्याला कायद्याची आडकाठी नव्हती, प्यो बाईंनी पुन्हा फोन करून विचारलं होतं. पण डबा एकदा खाली गेला की आजी तो रिकामा कसा परत देणार? तेव्हा तेही नाही. एका हिवाळ्यात मी तापानं फणफणलो होतो. आजी माझ्या बंद दाराबाहेर पायरीवर येऊन बसल्या आणि पेज कशी करायची ते सांगत राहिल्या, मी उठून खरंच करीपर्यंत. आपल्या हातानं वाटीभर पेज द्यायला त्यांना किती वेळ लागला असता? मला त्या दारामागे रडू आलं, आणि मी ते तापावर ढकललं.

सोदाम पुन्हा बोलायला लागली. चौथीत तर इतकी की मला तिला गप्प बसवावं लागायचं. इंग्रजीतून मांजरांची भांडणं सांगायची. बांग सर निवृत्त झाले आणि बुधवारच्या व्हॉलीबॉलमध्ये चेंडू कुठे जाईल याचा काही नेम राहिला नाही. पाचवी गेली, सहावी गेली.

फेब्रुवारीत सहावीच्या मुलांचा निरोपसमारंभ झाला. इनमीन नऊ मुलं, पण फुलं इतकी की मुलं दिसेनात. सोदामची आई पुसानहून आली होती. आजी पुढच्या रांगेत, जांभळा कोट, मांडीवर कापडात बांधलेलं गाठोडं. भाषणं झाली, गाणं झालं, फोटो झाले. आजी जागच्या हलल्या नाहीत. सगळं आटोपल्यावर त्यांनी मला हातानं बोलावलं.

"आता तुम्ही हिचे मास्तर नाही?"

"नाही, आजी."

"नक्की ना? विचारून या."

मी प्यो बाईंकडे गेलो. माझ्या तोंडून "एक विचारू?" निघण्याआधीच त्या म्हणाल्या, "जा हो. आता कुणाला विचारू नका." त्यांचे डोळे लाल झाले होते. मी परत आलो. "नाही, आजी. आता मी तिचा कुणी मास्तर नाही."

"मग बस इथे," आजी म्हणाल्या, "आणि जेव."

व्यायामशाळेच्या त्या लांब बाकावर त्यांनी गाठोडं सोडलं. मुळा, लसणाचे दांडे, मुरवलेली पानं, ती गोडसर मासळी, गरम भात. मी पहिला घास घेतला. चार वर्षांनी. तो इतका खारट होता की डोळ्यांसमोर अंधारी आली. दुसरं चाखलं, तेही तसंच. शेजारी बसलेल्या सोदामनं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि हळूच म्हणाली, "सर, आजीला आता चव कळत नाही. खूप दिवस झाले. तिला सांगू नका."

इतकी वर्षं त्या मला खालून मीठ किती ते जुन्या सवयीनं सांगत होत्या आणि ते बरोबर निघत होतं; स्वतःचं करताना मात्र चव लागेपर्यंत घालत असणार. मग मला कळणार कसं? मी त्यांच्या हातचं खाल्लं नव्हतं.

आजी पुढे वाकून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "कसं झालंय?"

"आणखी वाढा, आजी," मी म्हणालो. त्यांनी वाढलं, आणि सोदामनं पाण्याची बाटली गुपचूप माझ्याकडे सरकवली.